टेस्टोस्टेरॉन वेगळं, डीएचटी वेगळं

दांडिया बाजारात आमच्या मेडिकलच्या काउंटरवर, केस गळू नयेत म्हणून विकल्या जाणाऱ्या भोपळ्याच्या बियांच्या तेलाच्या कॅप्सूलची बाटली हातात घेऊन पोरं हळूच विचारतात, "काका, याने टेस्टोस्टेरॉन तर कमी नाही ना होणार?" दुसरा येतो तो टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट घेऊनच. नॉर्मल आहे, मग टक्कल का पडतंय?

टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, काय असतं हे जिमवाल्यांनी सगळ्यांना शिकवलंय, त्यात मी पडत नाही. घोळ पुढे आहे. केसांच्या मुळाशी ५-अल्फा रिडक्टेज नावाचं एन्झाइम (रासायनिक बदल घडवणारं प्रथिन) थोड्या टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी, म्हणजे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे दुसरं हार्मोन, करतं आणि हे डीएचटी रिसेप्टरला, म्हणजे हार्मोन पेशीत जिथे चिकटून काम करतं त्या जागेला, टेस्टोस्टेरॉनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतं. आनुवंशिकतेने ज्यांच्या माथ्यावरची मुळं नाजूक, त्यांचा केस दर खेपेला आणखी बारीक उगवतो, शेवटी नुसती लव उरते. मानेवरच्या मुळांनाही तेच रक्त मिळतं, पण त्यांना काही होत नाही. म्हणून तर ट्रान्सप्लांटला तिथले केस घेतात. तेव्हा रक्तातला टेस्टोस्टेरॉनचा आकडा बघून टकलाचा अंदाज बांधणं म्हणजे पैसे वाया.

डोमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत हे एन्झाइम जन्मतःच कमी असतं. १९७४ साली त्यांच्यावर लिहिलं गेलं. त्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, आवाज पुरुषी, पण टक्कल नाही.

टकलावरची फिनॅस्टेराइड ही गोळी हेच एन्झाइम अडवते. रोज १ मिलिग्रॅमने रक्तातलं डीएचटी साधारण दोन तृतीयांश उतरतं, टेस्टोस्टेरॉन उलट किंचित वाढतं. काहींची कामेच्छा मात्र कमी होते, म्हणून चिठ्ठीशिवाय मी देत नाही, कितीही गयावया करा.

आणि ते तेल? कोरियात २०१४ साली ७६ पुरुषांवर प्रयोग झाला. २४ आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या केसांची संख्या सरासरी ४० टक्क्यांनी वाढली, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांची १० टक्क्यांनी. चांगलंच की! पण त्या कॅप्सूलमध्ये इतरही घटक होते आणि एवढ्याशा प्रयोगावर बाटलीवर ठळक अक्षरांत 'डीएचटी ब्लॉकर' छापायचं, हे मला पटत नाही. कॅप्सूल फोडून डोक्याला चोळणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

माझं ऐकाल तर आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, बाटली नंतर. आणि फिनॅस्टेराइड चालू असताना प्रोस्टेट ग्रंथीसाठी पीएसए ही रक्ततपासणी करायची वेळ आली, तर डॉक्टरांना आधी सांगा. आकडा जवळपास निम्मा दिसतो.