एलएस५० मेटा आणि एलएस५० वायरलेस टू: तोंड सारखं, पाठ वेगळी

दिवाळीला मेहुणा आला, हॉलमधे पाय टाकला आणि माझ्या स्पीकरकडं बघून म्हणाला, "दाजी, हे तर माझंच की! मग तुमच्याकडं एवढा पसारा कशाला?" पसारा म्हणजे एक ॲम्प्लिफायर, एक डॅक (डिजिटल गाण्याचा ॲम्पला कळणारा सिग्नल करणारा डबा) आणि चार वायरी, ज्या लपवायचा प्रयत्न आमच्या घरात दरवर्षी होतो आणि दरवर्षी फसतो. त्याच्या घरी, सांगलीच्या गावभागात, टीव्हीच्या दोन बाजूला दोन डबे आणि बास, बाकी काही नाही. आणि दिसायला खरंच तेच. हा घोळ फक्त त्याचाच नाही, हे घ्यायचं म्हणून मला विचारणारे निम्मे लोक दोन्ही नावं एकाच वस्तूची समजतात, म्हणून एकदाच सगळं टाईप करतोय.

केईएफ ही इंग्लंडमधली कंपनी, १९६१ ला सुरू झाली. पन्नास वर्षं झाल्यावर २०१२ मधे त्यांनी एलएस५० काढला, नावातला ५० तिथला. मग २०२० मधे त्याच्या दोन नव्या आवृत्त्या आल्या, माझा एलएस५० मेटा आणि मेहुण्याचा एलएस५० वायरलेस टू. समोरून बघितलं तर दोन्हीला तोच सव्वापाच इंची कोन (जाड आवाजाचा पडदा) आणि त्याच्या बरोब्बर मधोमध एक इंची ट्वीटर (बारीक आवाजाचा), म्हणजे जाड आणि बारीक आवाज एकाच ठिकाणाहून निघतो. डब्याची उंची दोन्हीची फूटभर. ट्वीटरच्या मागं निघणारा नको असलेला आवाज गिळायला चक्रव्यूहासारखी एक चकती आहे, मेटा हे नाव त्या चकतीच्या मटेरियलवरून, आणि गंमत म्हणजे ती चकती वायरलेस टू मधे पण आहे, फक्त नावात नाही!

फरक बघायचा तर फिरवून पाठ बघा. माझ्याला मागं बासच्या हवेचं भोक आणि लाल-काळी दोन टर्मिनलं, संपलं. त्याच्याला भोक आहेच, शिवाय एचडीएमआय, ऑप्टिकल, लॅन आणि पॉवरचं सॉकेट. माझा एक नग पावणेआठ किलो, त्याची जोडी वीस किलोच्या आसपास, तो जादाचा भार आतल्या ॲम्पचा. आणि हो, नाव वायरलेस असलं तरी दोन्ही डब्यांना वेगवेगळी पॉवरची केबल लागते, म्हणजे भिंतीला दोन्हीकडं प्लग पाहिजे. हे आधी बघून ठेवा, आपल्याकडच्या जुन्या घरात टीव्हीजवळ एकच प्लग असतो आणि मग एक्स्टेन्शन बोर्डची माळ लागते.

आता आतलं. आवाजाची वाटणी कुठं होते हा सगळा खेळ आहे. आपल्याकडं म्हैसाळ-ताकारी उपसा योजनेचं पाणी सगळ्यांनी बघितलंय म्हणून तसंच सांगतो. माझा स्पीकर पॅसिव्ह, मेहुण्याचा ॲक्टिव्ह. पॅसिव्ह म्हणजे एकच मोठी मोटर सगळं पाणी जोरात वर ओढते आणि वर आल्यावर चेंबरमधे वाटणी होते, एक पाट उसाला, एक भाजीला. जोर लावून झाल्यावर वाटणी, त्यामुळं चेंबर दणकट लागतो आणि थोडं पाणी तिथंच जिरतं. माझ्या स्पीकरमधे हा चेंबर म्हणजे क्रॉसओव्हर, जाड तांब्याच्या कॉइली आणि कपॅसिटर, ॲम्पमधून तयार ताकद आली की साधारण २१०० हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी कंपनं) खालचं कोनकडं आणि वरचं ट्वीटरकडं. ॲक्टिव्हमधे उलटं, पाण्याला जोर लावायच्या आधीच, सिग्नल एवढासा असताना वाटणी होते आणि मग प्रत्येक पाटाला स्वतःची मोटर. मेहुण्याच्या एकेका डब्यात कोनला २८० वॅटचा क्लास डी आणि ट्वीटरला १०० वॅटचा क्लास एबी असे दोन वेगळ्या जातीचे ॲम्प आहेत. वाटणी डिजिटल चिपमधे होते, त्यामुळं तिथंच आवाजाला पाहिजे तसं वळण पण देता येतं.

इथं तिसरा एक तोतया असतो, पॉवर्ड स्पीकर. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच जोड्यांत एका डब्यात ॲम्प बसवलेला असतो आणि तिथून एक वायर दुसऱ्या डब्याला. ॲम्प आत असला तरी वाटणी जुन्याच पद्धतीनं होत असेल तर तो ॲक्टिव्ह नव्हे, पॅसिव्हच्या पोटात ॲम्प. खरा ॲक्टिव्ह कमी पैशात बघायचा असेल तर जेबीएलचा ३०५पी मार्क टू बघा, स्टुडिओसाठीचा आहे, एका नगात ४१-४१ वॅटचे दोन ॲम्प. दिसायला दागिना नाही, पण तत्त्व तेच.

मी पॅसिव्हवाला आहे हे कबूल करून पुढचं सांगतो. पॅसिव्ह घेतला की ॲम्प ही तुमची डोकेदुखी. मेटाची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठराविक ताकदीला किती मोठा वाजतो ते, ८५ डीबी, म्हणजे कमीच, आणि कागदावर ८ ओहम लिहिलेलं असलं तरी काही फ्रिक्वेन्सीला तो साडेतीन ओहमपर्यंत खाली येतो, आणि ओहम जेवढे कमी तेवढा ॲम्पवर ताण जास्त. हे मला कुठं माहीत होतं, मी सुरवातीला घरातला जुना होम थिएटरचा रिसीव्हर लावला. हळू आवाजात छान, पण जरा वाढवला की आवाज चिमटल्यासारखा, आणि एका दुपारी रिसीव्हर तापून बंदच पडला, वर हात ठेवला तर तव्यासारखा. दोष स्पीकरचा नव्हता, माझ्या कंजूषपणाचा होता. कंपनी ४० ते १०० वॅट सांगते, माझ्या मते ४० च्या बाजूला जाऊच नका, आणि ४ ओहमला दमणार नाही असा ॲम्प घ्या. नीट ॲम्प लावला त्या दिवशी तेच स्पीकर मोठे झाल्यासारखे वाटले. मेहुण्याला यातलं काहीच करावं लागलं नाही, प्लग लावला आणि वाजायला लागलं. अमेरिकेत दोन्ही बाजारात आले तेव्हा जोडीचा भाव मेटाचा १५०० डॉलर आणि वायरलेस टूचा २५०० होता. मधल्या हजारात ॲम्प, डॅक, स्ट्रीमर (नेटवरनं गाणी वाजवणारा) सगळं आलं, त्यामुळं वायरलेस महाग असं एकदम म्हणू नका, माझा हिशोब शेवटी त्याच्या पुढंच गेलाय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

आवाजात काय फरक? गळ्याच्या पट्टीत मला तरी फारसा सापडला नाही. डोळे मिटून बसलं की गाणारा माणूस दोन डब्यांच्या मधे उभा राहतो, दोन्हीकडं. फरक खाली आहे. कागदावर मेटा आवाज फारसा न पडता (३ डीबीच्या आत) ७९ हर्ट्झपर्यंत उतरतो, वायरलेस टू ४५ पर्यंत. आकड्यानं कळत नाही म्हणून तानपुऱ्यानं सांगतो, तानपुरे बनवणारं मिरज शेजारीच आहे म्हणल्यावर दुसरं काय सांगणार. गवयाचा सा काळी एकचा असेल तर जोडीच्या तारा १३९ हर्ट्झच्या आसपास आणि खर्ज त्याच्या निम्मा, ६९ च्या आसपास. म्हणजे खर्जाचा मूळ सूर मेटाच्या पायरीच्या जरा खालीच पडतो! तरी मला खर्ज ऐकू येतो, कारण तारेखाली सूत सरकवून जवारी लावली की वरचे सूर इतके भरभरून निघतात की त्यावरून कान मूळ सूर आपोआप भरून घेतो. सतारमेकर गल्लीत समोर बसून तानपुरा ऐकलाय त्याला मात्र कळतं, तिथं भोपळ्याचा घुमारा छातीला लागतो, माझ्याकडं तो कळतो पण लागत नाही. मेहुण्याकडं थोडा लागतो. डग्ग्याचं पण तसंच, घिस्सा त्याच्याकडं जास्त अंगावर येतो.

पण फुकट काही नसतं. एवढ्याशा कोनकडून इतका खालचा आवाज काढायचा म्हणजे चिप त्याला जोरात ढकलते, आणि तो कोन किती हलणार याला मर्यादा आहे. म्हणून अशा डब्यात आवाज फार चढवला की कोन वाचवायला बास मागं घेतात. बारा बाय चौदाच्या खोलीत हे जाणवायचं कारण नाही, वरातीला लावणार असाल तर वेगळं.

खोलीवरून आठवलं, हे दोन्ही डबे शोकेसच्या कप्प्यात कोंबू नका. बुकशेल्फ स्पीकर हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं लोकांचं लय नुकसान केलंय. मागच्या भोकातून हवा बाहेर पडते, भिंत चिकटून असली की बास नुसता गदगदतो. ते भोक बुजवायला फोमचे बोळे मिळतात, वायरलेसला ॲपमधे भिंतीजवळ आहे, टेबलावर आहे असं सांगायची सोय पण आहे, ही मेहुण्याची सोय मला खरंच हवी होती. मी कुपवाडच्या एमआयडीसीत चौकोनी पाईपचे स्टँड वेल्डिंग करून घेतले, आत वाळू भरली, ट्वीटर बरोबर कानाच्या उंचीला आणला आणि भिंतीपासून दीड फूट पुढं ओढला. शहाबादी फरशीवर टाळी वाजवली की टण्ण आवाज यायचा, तिथं जमखाना अंथरला. या दीड फुटानं आणि जमखान्यानं जेवढा फरक पडला तेवढा माझ्या डॅकनं पाडला नाही, आणि डॅकची किंमत मी इथं लिहिणार नाही.

मग कुणी काय घ्यावं? टीव्हीजवळ लावायचं असेल, घरातल्या सगळ्यांनी वापरायचं असेल, तर डोळे झाकून वायरलेस टू. एचडीएमआयनं टीव्हीच्याच रिमोटवर आवाज चालतो, माझ्या सासूबाई सुद्धा लावतात. आणि पुराचं पाणी वाढायला लागलं की दोन डबे उचलून वर नेले, विषय संपला. २०१९ ला गावभागानं जे बघितलंय त्यानंतर मेहुणा प्रत्येक वस्तू घेताना उचलून बघतो, त्याला हसायची माझी हिंमत नाही.

ॲम्प बदलून बघायची खोड असेल किंवा रेकॉर्ड प्लेयर असेल तर मेटा. वायरलेस टूला रेकॉर्ड लावता येते, पण आत गेल्यावर ती आधी डिजिटल होते मग वाजते, काहींना हे चालत नाही. मला चालतं, मला वेगळीच काळजी आहे. लाकडी डबा, कोन आणि कॉइली वीस वर्षं टिकतात, आणि ॲम्प गेला तर मी ॲम्प तेवढा बदलीन. ॲक्टिव्हमधे ॲम्प, चिप, वायफाय सगळं एकाच पोटात, त्यातलं एक बिघडलं तरी अख्खा स्पीकर पेटीत भरून पाठवायचा.

हे मी मेहुण्याला ऐकवलं तर तो म्हणाला, "दाजी, वीस वर्षांनी तुम्हाला ट्वीटर ऐकू येणार आहे का?" आणि माझ्याच सोफ्यावर पसरून माझाच रिमोट शोधायला लागला. मिळाला नाही, कारण माझ्याकडं तीन आहेत.