मॅटवर टपकलेला घाम फुकट गेला

हॉट योगाचा, म्हणजे तापवलेल्या खोलीतल्या योगाचा, क्लास झाला की पहिला प्रश्न एकच, घाम किती आला? जितका घाम तितका फायदा असं लोक धरूनच चालतात, पण नाकाच्या शेंड्यावरून मॅटवर टपकलेला थेंब अंगाला काहीच थंड करत नाही, घाम त्वचेवरून उडून गेला तरच तो उष्णता घेऊन जातो, एक लिटर पूर्ण उडाला तर जवळपास ५८० किलोकॅलरी (ही उष्णता बरं का, जळालेली चरबी नव्हे!). आणि खोली दमट असली की तो उडतच नाही, नुसत्या धारा लागतात.

सगळ्यात गाजलेला प्रकार म्हणजे बिक्रम. मूळचे कोलकात्याचे बिक्रम चौधरी यांनी तो १९७०च्या दशकात अमेरिकेत नेला. २६ आसनं, २ श्वसनाचे प्रकार, ९० मिनिटं, तापमान ४० अंशांच्या थोडं वर, आर्द्रता ४० टक्के, आणि क्रम अजिबात बदलायचा नाही. या क्रमावर चौधरींनी कॉपीराइट सांगितला होता, २०१५ मध्ये तिकडच्या कोर्टाने तो मानला नाही, ते बरंच झालं. हॉट विन्यास (श्वासाच्या लयीत एकातून दुसऱ्या आसनात जायचं) किंवा पॉवर योगाच्या (त्याचाच जास्त जोरकस प्रकार) खोल्या सहसा जरा कमी तापवतात आणि क्रम टीचर ठरवतात. इन्फ्रारेडवाल्या खोलीत पॅनल हवेपेक्षा थेट अंगच तापवतात.

आता हृदयाचं बघा. अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळवावं लागतं, म्हणून नुसतं ताडासनात उभं राहिलात तरी नाडी वाढते, ती सगळी स्नायूंची मेहनत नसते. २०१८ मध्ये आलेल्या एका अभ्यासात हीच बिक्रमची आसनं १२ आठवडे ४०.५ अंशांत आणि २३ अंशांत करून घेतली, तर रक्तवाहिन्यांना फायदा दोन्हीकडे सारखाच!

क्लासनंतर काट्यावर कमी झालेला किलो हे बहुतेक पाणीच, प्यायलात की परत येतं. घामातून टॉक्सिन (शरीरातले विषारी पदार्थ) निघतात असंही म्हणतात, पण ते काम मुख्यतः लिव्हर-किडनीचं. उष्णतेने अंग सैल पडतं हे मात्र खरं, पण त्याच भरात पाय नेहमीपेक्षा चार बोटं पुढे जातो आणि ताण जास्त झाला ते दुसऱ्या दिवशी कळतं.

हृदयविकार, गरोदरपण, लो बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नुसतं पाणी ढोसत राहू नका, रक्तातलं सोडियम उतरू शकतं. आणि गरगरलं, मळमळलं तर तिथेच शवासनात पडून राहू नका, दार उघडून सरळ बाहेर या, टीचर काहीही म्हणोत.