टीबी झाला म्हणजे एचआयव्ही असणारच? नाही ओ!

आमच्या सोलापुरात पूर्व भागात शेजारच्या विड्या वळणाऱ्या मावशींना टीबी निघाला, आणि टीबीच्या गोळ्या चालू करताना एचआयव्हीची पण टेस्ट केली एवढं कळलं की गल्लीभर झालं, "म्हणजे तसलंच काहीतरी असणार". रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी मांडीवरच्या सुपात पानं घेऊन त्या उंबऱ्यात एकट्याच बसायच्या, शेजारी कुणी टेकेना. फार वाईट वाटलं बघून.

अहो, ती टेस्ट टीबीच्या प्रत्येक पेशंटला करायला सांगतात, संशय म्हणून नाही. २०२३ मध्ये जगात १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला, त्यातले साधारण २६ टक्के भारतातले, आणि जगभरातल्या या टीबी पेशंटांत एचआयव्ही असलेले शंभरात फक्त सहाच्या आसपास. बाकीच्यांचं काय मग?

संबंध आहे, पण उलट्या बाजूनं. टीबीचे जंतू कितीतरी जणांच्या अंगात गप पडून असतात, एचआयव्हीनं प्रतिकारशक्ती कमी झाली की ते उठतात, म्हणून एचआयव्हीवाल्याला टीबीचा धोका साधारण १६ पट. पण शुगर, कुपोषण, दारू, तंबाखू यानं पण धोका वाढतोच की. आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली तर एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या वेळेत चालू होतात, जीव वाचतो, त्यासाठीच ती करायची. सरकारी दवाखान्यात दोन्हीची औषधं फुकट आहेत.

मावशींचं ताट वेगळं ठेवलं होतं घरच्यांनी, ते पण उगाच, फुफ्फुसाचा टीबी खोकल्यातून हवेतनं पसरतो, ताट-तांब्यातनं नाही.