घरचा पत्ता ते पहिला पिक : ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील ड्राफ्ट आणि ट्रेडच्या वादांची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचा, म्हणजेच एएफएलचा, हंगाम सप्टेंबरच्या अखेरीस मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवरील अंतिम सामन्याने संपतो आणि लगेच पाठीराख्यांच्या वादविवादाचा मोसम सुरू होतो. ऑक्टोबरमध्ये क्लब एकमेकांशी खेळाडूंची आणि निवडक्रमांकांची, म्हणजे ‘पिक’ची, देवाणघेवाण करतात. नोव्हेंबरमध्ये ड्राफ्ट होतो आणि देशभरातल्या अठरा वर्षांच्या मुलांपैकी कोण कोणत्या क्लबात जाणार हे ठरते. उंचापुरा फॉरवर्ड घ्यावा की मिडफिल्डर, करार संपत आलेला खेळाडू आत्ताच सोडून त्याच्या बदल्यात पिक मिळवावा की आणखी वर्षभर थांबावे, पर्थहून आणलेला मुलगा दोन वर्षांत घरच्या ओढीने परत तर जाणार नाही ना, अशा प्रश्नांवर रिचमंडचा किंवा कार्लटनचा साधा पाठीराखा क्लबच्या निवड अधिकाऱ्याइतक्या तपशिलात शिरून बोलत असतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा अतिउत्साह वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे शंभराहून अधिक वर्षे न सुटलेला प्रश्न आहे. खेळाडू नेमका कोणाचा: ज्या गावात तो वाढला त्या गावाचा, वडील ज्या क्लबकडून खेळले त्या क्लबचा, की सर्व संघांत समतोल राखू पाहणाऱ्या लीगचा?

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकाने एक फरक आधीच लक्षात घेतलेला बरा. या ड्राफ्टमध्ये पैशाची बोली लागत नाही. तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते आणि विजेत्याला शेवटची. मुलाला क्लब निवडता येत नाही आणि त्याचे सुरुवातीचे मानधन लीगभर ठरलेल्या दरानेच मिळते. म्हणूनच हरलेल्या संघाच्या पाठीराख्याला या दिवसांचे अप्रूप सर्वांत जास्त असते.

लीगचा उगम व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये आहे. ही स्पर्धा १८९७ मध्ये आठ क्लबांनिशी सुरू झाली आणि १९२५ मध्ये बारा क्लबांवर स्थिरावली. जिलाँग सोडले तर सारे क्लब मेलबर्नच्या उपनगरांतले होते. श्रीमंत क्लबांनी सगळे चांगले खेळाडू ओढून नेऊ नयेत म्हणून १९१५ पासून शहराचे विभाग पाडण्यात आले, आणि मुलगा कोणत्या रस्त्यावर राहतो यावरून त्याचा क्लब ठरू लागला. १९३० मध्ये ‘कूल्टर लॉ’ नावाच्या नियमाने खेळाडूला सामन्यामागे तीन पौंडांपेक्षा अधिक देण्यास मनाई केली. क्लब सोडायचा तर जुन्या क्लबची लेखी मोकळीक लागे. ही व्यवस्था खेळाडूला जखडणारी होती, हे खरे. पण आपल्या गल्लीतला मुलगा आपल्याच क्लबकडून खेळताना पाहण्याचे समाधान तिने पाठीराख्यांना दिले, आणि आजच्या वादांतली निम्मी भावना त्या समाधानाच्या आठवणीतून येते असे मला वाटते.

या विभागपद्धतीला झालेल्या अपवादाची सर्वांत प्रसिद्ध कथा एका मुलाची आहे. मेलबर्न क्लबच्या १९४० च्या विजेत्या संघात खेळलेले रॉन बरासी हे पुढच्याच वर्षी टोब्रुक येथे युद्धात मारले गेले. त्यांचा त्याच नावाचा मुलगा मोठा झाला तेव्हा पत्त्याप्रमाणे तो दुसऱ्या क्लबच्या वाट्याला जात होता. खेळाडूच्या मुलाला वडिलांच्या क्लबकडून खेळू देणारा पितापुत्र नियम याच सुमारास आला आणि धाकटा बरासी त्याचा सर्वांत प्रसिद्ध लाभार्थी ठरला. १९५३ मध्ये तो मेलबर्नकडून पहिला सामना खेळला आणि खेळाडू म्हणून त्याने क्लबला सहा विजेतेपदे मिळवून दिली. मात्र १९६४ च्या हंगामानंतर तोच बरासी खेळाडू-प्रशिक्षक म्हणून कार्लटनला गेला, तेव्हा मेलबर्नच्या पाठीराख्यांना घरातला माणूस दुरावल्यासारखे दुःख झाले. निष्ठेसाठी केलेला नियम आणि त्याच नियमाने आलेल्या माणसाचे क्लबांतर, अशा दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात घडल्या.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस ग्रामीण व्हिक्टोरियाचेही विभाग पाडून क्लबांना वाटून देण्यात आले. हेतू समतोलाचा होता, परिणाम उलटा झाला. हॉथॉर्नच्या वाट्याला मॉर्निंग्टन द्वीपकल्पाचा भाग आला. त्या बाजूने चेल्सीचा ली मॅथ्यूज आला, फ्रँकस्टनचा डर्मॉट ब्रेअरटन आला, आणि १९७१ ते १९८६ या काळात क्लबने पाच विजेतेपदे जिंकली. ज्यांचे विभाग विरळ वस्तीचे किंवा फुटबॉलच्या दृष्टीने ओसाड होते, त्यांनी करायचे काय, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. दरम्यान १९७२ च्या अखेरीस, दहा वर्षे एकाच क्लबची सेवा केलेल्या खेळाडूला हवे तिथे जाण्याची मुभा देणारा नियम आला. तोवर एकही विजेतेपद न मिळालेल्या नॉर्थ मेलबर्नने लगेच जिलाँगचा डग वेड, एसेंडनचा बॅरी डेव्हिस आणि साउथ मेलबर्नचा जॉन रँटल यांना घेतले. नियम काही महिन्यांतच मोडीत निघाला. पण १९७५ मध्ये बरासीच्याच प्रशिक्षणाखाली नॉर्थने पहिले विजेतेपद जिंकले, आणि नेमके खेळाडू मिळवून दैन्य संपवता येते हे सर्वांना दिसले.

जुन्या व्यवस्थेला खरा तडा न्यायालयात गेला. कर्जात बुडालेला साउथ मेलबर्न क्लब १९८२ मध्ये सिडनीला हलवण्यात आला. सिल्व्हिओ फोस्किनी या तरुण खेळाडूला मेलबर्न सोडून सिडनीकडून खेळत राहायचे नव्हते, त्याला सेंट किल्डाकडे जायचे होते, आणि क्लब त्याला मोकळा करायला तयार नव्हता. १९८३ मध्ये व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रॉकेट यांनी लीगचे विभागाचे आणि मोकळिकीचे नियम म्हणजे व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन आहे असा निर्णय दिला. यानंतर नुसत्या पत्त्याच्या जोरावर खेळाडूला धरून ठेवणे अशक्य झाले. खेळाडू मोकळे सुटले आणि पैशावर लगाम राहिला नाही, तर दोन-तीन क्लब सोडून बाकीचे बुडणार, हे लीगला स्पष्ट दिसत होते. त्यातूनच अमेरिकन फुटबॉलच्या धर्तीवरील राष्ट्रीय ड्राफ्ट आणि क्लबच्या एकूण वेतनावरील मर्यादा ही जोडी आली. पहिला ड्राफ्ट नोव्हेंबर १९८६ मध्ये झाला. पुढच्या वर्षी पर्थचा वेस्ट कोस्ट आणि ब्रिस्बेन हे संघ लीगमध्ये आले, आणि १९९० मध्ये लीगचे नावच बदलले. गंमत अशी की पहिल्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर सेंट किल्डाने निवडलेला पोर्ट ॲडलेडचा मार्टिन लेस्ली सेंट किल्डाकडून एकही सामना खेळला नाही.

कायद्याच्या दृष्टीने ही व्यवस्था अभेद्य नव्हती. न्यू साउथ वेल्सच्या रग्बी लीगने असाच ड्राफ्ट सुरू केला, तेव्हा १९९१ मध्ये फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठाने तो रद्द ठरवला. फुटबॉलमध्ये ड्राफ्ट टिकला, कारण खेळाडूंच्या संघटनेने सामूहिक करारातून मानधन आणि हक्क मिळवत त्याला मान्यता दिली.

पाठीराख्यांच्या चर्चेला आजचे रूप आले ते २००१ च्या ड्राफ्टने. त्या हंगामात तळाला राहिलेल्या फ्रिमँटलकडे पहिला पिक होता. त्यांनी पहिला, विसावा आणि छत्तिसावा असे तीन पिक हॉथॉर्नला देऊन ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मॅकफार्लिन यांना घेतले. हातात दोन तयार खेळाडू असावेत की न पाहिलेल्या भविष्यावर विश्वास ठेवावा, हा पेच त्यात स्पष्ट दिसतो. हॉथॉर्नने पहिल्या पिकवर कोलॅक गावचा ल्यूक हॉज घेतला आणि छत्तिसाव्यावर सॅम मिचेल. पुढे २००८ मध्ये मिचेलच्या, तर २०१३, २०१४ आणि २०१५ मध्ये हॉजच्या नेतृत्वाखाली क्लबने विजेतेपदे मिळवली. क्रोड दोन हंगामांनी हॉथॉर्नलाच परतला. मॅकफार्लिन मात्र फ्रिमँटलच्या बचावाचा कणा झाला, हे या सौद्याची टिंगल करणारे नेहमी विसरतात. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर सेंट किल्डाला ल्यूक बॉल, तिसऱ्यावर वेस्ट कोस्टला ख्रिस जड मिळाला, आणि पितापुत्र नियमाने जिलाँगला गॅरी ॲब्लेट धाकटा केवळ चाळिसाव्या पिकच्या मोबदल्यात मिळाला. अठ्ठावनाव्या क्रमांकावर कोलिंगवूडने घेतलेला डेन स्वान दहा वर्षांनी हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे ब्राउनलो पदक जिंकला. ‘तळातही हिरा सापडतो’ हा प्रत्येक पाठीराख्याचा युक्तिवाद या एका यादीवर उभा आहे.

हरणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या पद्धतीतला धोका याच दशकात उघड झाला. लागोपाठ दोन हंगाम चारपेक्षा अधिक विजय न मिळवणाऱ्या क्लबला पहिल्या फेरीच्याही आधी एक अग्रक्रमाचा पिक मिळे. वेतनमर्यादा मोडल्याबद्दल २००२ मध्ये कार्लटनला ९,३०,००० डॉलरचा दंड झाला होता आणि पहिले दोन पिक गमवावे लागले होते; तोच क्लब २००७ च्या अखेरच्या सामन्यात चार विजयांवर उभा होता. पाचवा विजय मिळाला असता तर अग्रक्रमाचा पिक हातचा गेला असता. मेलबर्नविरुद्धच्या त्या सामन्याला लोकांनी ‘क्रूझर कप’ असे नाव ठेवले, कारण त्या वर्षीचा सर्वांत अपेक्षित मुलगा मॅथ्यू क्रूझर होता. कार्लटन हरला. क्लबने मुद्दाम सामना सोडला असे सिद्ध झाले नाही, पण परिणाम फार मोठे झाले. पहिल्या पिकवर क्रूझर मिळालाच. शिवाय नेहमीच्या क्रमाने वाट्याला आलेला तिसरा पिक, विसावा पिक आणि जॉश केनेडी देऊन कार्लटनने वेस्ट कोस्टकडून जडला आणले. जड २००४ चा ब्राउनलो विजेता आणि २००६ चा विजेता कर्णधार होता आणि त्याला व्हिक्टोरियात घरी परतायचे होते.

हा सौदा कोणाच्या फायद्याचा ठरला, यावर आजही एकमत नाही. जडने कार्लटनकडून २०१० मध्ये दुसरे ब्राउनलो जिंकले आणि क्लबला मान परत मिळवून दिला. विजेतेपद मात्र आले नाही, ते १९९५ नंतर अजूनही आलेले नाही. केनेडी वेस्ट कोस्टच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला आणि २०१८ च्या विजेत्या संघात होता. २००७ मध्ये तळाला राहिलेल्या रिचमंडने दुसऱ्या पिकवर घेतलेला ट्रेंट कॉचिन पुढे तीन वेळा विजेता कर्णधार ठरला. माझे मत असे की जडसारखा खेळाडू मिळत असताना नाही म्हणणे कोणालाच जमले नसते, पण एका खेळाडूने संघ उभा राहतो ही समजूत या सौद्याने कायमची खोटी पाडली. मेलबर्नच्या २००९ च्या हंगामाचीही पुढे चौकशी झाली. मुद्दाम हरल्याचा दोष क्लबवर ठेवला गेला नाही, पण २०१३ मध्ये पाच लाख डॉलरचा दंड झाला. अग्रक्रमाचा आपोआप मिळणारा पिक त्याआधीच बंद करण्यात आला होता.

दरम्यान खेळाडूंनीही व्यवस्थेतून वाट काढली. ल्यूक बॉलला २००९ मध्ये सेंट किल्डा सोडून कोलिंगवूडला जायचे होते. सौदा जुळला नाही, तेव्हा त्याने सरळ ड्राफ्टमध्ये नाव दिले आणि कोलिंगवूडने तिसाव्या पिकवर त्याला घेतले. पुढच्याच वर्षी बरोबरीनंतर पुन्हा खेळवलेल्या अंतिम सामन्यात तो सेंट किल्डाविरुद्धच जिंकला. २०१२ पासून दीर्घ सेवेनंतर मोकळे होण्याचा हक्कच मिळाला, आणि त्यानुसार २०१३ च्या विजेतेपदानंतर लान्स फ्रँकलिन नऊ वर्षांच्या करारावर हॉथॉर्नहून सिडनीला गेला. त्याच्यासाठी हॉथॉर्नला भरपाई म्हणून फक्त एकोणिसावा पिक मिळाला. २०१५ पासून पुढच्या वर्षीचे पिकही आधीच देता-घेता येऊ लागले, आणि पाठीराख्यांचे हिशेब दोन-दोन हंगाम पुढे सरकले.

आज सर्वांत कडवट वाद पितापुत्र नियमाचा आणि क्लबांच्या मुले घडवणाऱ्या अकादमींचा आहे. जिलाँगने २००६ मध्ये टॉम हॉकिन्ससारखा खेळाडू एकेचाळिसाव्या पिकवर घेतल्यानंतर इतर क्लबांना अशा मुलावर दावा लावण्याची मुभा मिळाली, आणि २०१५ पासून प्रत्येक पिकला गुण ठरवून वडिलांच्या क्लबने आपल्या हातातल्या पिकांतून तेवढे गुण मोजावेत अशी पद्धत आली. पहिल्या पिकला तेव्हा ३००० गुण होते, आणि मोजताना क्लबला वीस टक्के सवलत मिळे. उत्तरेकडच्या चार क्लबांना स्वतःच्या अकादमीतल्या मुलांवर हाच हक्क मिळाला. आदिवासी मुले आणि ज्यांचे आई किंवा वडील आशिया वा आफ्रिकेत जन्मले अशी मुले यांच्यासाठी इतर क्लबांच्याही अकादमी निघाल्या. मेलबर्नमध्ये वाढणारी मराठी घरांतली मुलेही या व्याख्येत बसतात. २०२० मध्ये पहिल्या क्रमांकाचा जमारा उगल-हेगन याच वाटेने वेस्टर्न बुलडॉग्जला मिळाला, तेव्हा तळाच्या क्लबांचा संयम सुटला आणि लीगने लगेच या हक्काला कात्री लावली.

पितापुत्र नियमाला मात्र हात लावणे जड गेले. कोलिंगवूडला निक डेकॉस २०२१ मध्ये चौथ्या क्रमांकावर मिळाला आणि दोन वर्षांत क्लब विजेता झाला. ब्रिस्बेनच्या २००१ ते २००३ च्या तिन्ही विजेत्या संघांतल्या मार्कस ॲशक्रॉफ्टची मुले, विल २०२२ मध्ये आणि लीव्हाय २०२४ मध्ये, त्याच क्लबात आली. ब्रिस्बेनने २०२४ आणि २०२५ ची विजेतेपदे जिंकली आणि दोन्ही अंतिम सामन्यांत सर्वोत्तम खेळाडूचे पदक विलला मिळाले. मुलाने वडिलांच्या रंगात खेळावे यात जे सौंदर्य आहे ते मला मोलाचे वाटते. तरीही विजेत्या क्लबने देशातला सर्वोत्तम मुलगा फुटकळ पिकांची बेरीज करून सवलतीत न्यावा, हे ड्राफ्टच्या मूळ हेतूशी विसंगत आहे. २०२५ पासून सवलत दहा टक्क्यांवर आणली गेली आहे. पुढचा वाद टास्मानियाचा आहे. हा नवा क्लब २०२८ मध्ये येणार आहे. २०११ च्या ड्राफ्टमध्ये नव्या ग्रेटर वेस्टर्न सिडनीला पहिले पाचही पिक मिळाले होते हे ज्यांच्या लक्षात आहे, ते पाठीराखे येत्या वर्षांतले आपल्या क्लबचे पिक आत्ताच विकावेत की जपून ठेवावेत यावर भांडत आहेत.