कान्फ्रांक आंतरराष्ट्रीय स्थानक

स्पेनच्या आरागोन प्रदेशातील जुने सरहद्दी रेल्वे स्थानक. पिरेनीज पर्वतात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मी. उंचीवर, फ्रान्सच्या सीमेलगत. त्याच्या मुख्य इमारतीत २०२३ पासून हॉटेल आहे.

सोमपोर्ट येथे डोंगराच्या पोटातून सुमारे ७.९ किमी. लांबीचा बोगदा काढून दोन्ही देशांचे लोहमार्ग एकत्र आणले गेले. १८ जुलै १९२८ रोजी स्पेनचे राजे तेरावे आल्फोन्सो आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष गास्तों दुमेर्ग यांच्या उपस्थितीत स्थानकाचे उद्घाटन झाले. लहानशा डोंगरी वस्तीत २४१ मी. लांबीची इमारत कशासाठी, याचे उत्तर रुळांत सापडते. स्पेनच्या दोन रुळांमधले अंतर फ्रान्सच्या १,४३५ मिमी. मापाहून जास्त, त्यामुळे कोणत्याच देशाची गाडी इथून पुढे जात नसे. प्रवाशांनी उतरायचे, इमारतीतून पलीकडच्या फलाटावर जायचे आणि दुसरी गाडी धरायची. मालही एका वाघिणीतून दुसरीत भरावा लागे. दोन्ही देशांची जकात आणि पोलीस एकाच छपराखाली असत.

दुसऱ्या महायुद्धात या अदलाबदलीला वेगळेच महत्त्व आले. जर्मनीकडचे सोने इथून दक्षिणेकडे गेले आणि रणगाडे व तोफगोळ्यांसाठी लागणारे टंगस्टनचे खनिज उत्तरेकडे. त्याच फलाटांवरून ज्यू निर्वासितही निसटले. फ्रेंच जकातीचे प्रमुख आल्बेर ल ले यांनी कित्येकांना सीमापार केले आणि दोस्त राष्ट्रांसाठी निरोपही पोचवले. स्थानकाच्या इतिहासातले सर्वांत मोठे माणूस तेच म्हणावे लागेल.

२७ मार्च १९७० रोजी फ्रान्सच्या बाजूच्या उतारावर एक मालगाडी अनावर झाली आणि तिच्या धडकेने लेस्तांगेचा पूल कोसळला. जीवितहानी झाली नाही, पण फ्रान्सने पूल पुन्हा बांधला नाही. सीमापार वाहतूक थांबली आणि इमारत हळूहळू ओस पडली. छपरे गळाली, खिडक्या फुटल्या, बाजूच्या रुळांवर डबे गंजत राहिले. स्पेनची गाडी मात्र बंद झाली नाही. सारागोसाहून ती येतच राहिली.

आरागोन सरकारने पुढे इमारतीची दुरुस्ती करून घेतली आणि २०२१ मध्ये शेजारीच नवे, आटोपशीर स्थानक सुरू झाले. बोगद्यालाही काम मिळाले आहे. १९८०च्या दशकात सारागोसा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्रज्ञांनी तिथे प्रयोगशाळा थाटली. माथ्यावरचा सुमारे ८०० मी. जाडीचा खडक अवकाशातून येणारे वैश्विक किरण अडवतो, म्हणून कृष्णद्रव्याचा (विश्वातील न दिसणाऱ्या पदार्थाचा) शोध तिथे घेता येतो. सोमपोर्टचा रस्ता-बोगदा २००३ मध्ये खुला झाल्यापासून जुना रेल्वे बोगदा त्याची आपत्कालीन वाट म्हणूनही वापरला जातो. फ्रान्सच्या बाजूला ओलोरों ते बेदू हा रेल्वेचा टप्पा २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाला. बेदू ते कान्फ्रांक हा चढाचा टप्पा अजून बंद आहे.