लघवीत प्रोटीन आलंय, पण कुठलं?

लघवीचा रिपोर्ट हातात पडला की नजर जाते ‘प्रोटीन: +’ या ओळीवर. त्यात नुकतंच कुठंतरी वाचलेलं असतं की लघवीतल्या प्रोटीनवरून मूत्राशयाचा कॅन्सर कळतो. झालं, झोप उडाली! पण ही दोन प्रोटीनं एका गावचीसुद्धा नाहीत.

रिपोर्टातलं प्रोटीन म्हणजे मुख्यतः अल्ब्युमिन. ते रक्तातलं, किडनीच्या गाळणीनं अडवायचं. सगळी प्रोटीनं मिळून दिवसाला १५० मिलिग्रॅमपर्यंत लघवीतून गेली तर ते नॉर्मल. डायबेटिस, बीपी यांनी गाळणी सैल झाली की जास्त झिरपतं. लॅबवाले पट्टी लघवीत बुडवतात, तिच्यावरचा पिवळा चौकोन मिनिटभरात हिरवट होतो, तो बाटलीवरच्या रंगांशी ताडून प्लस लिहितात. ताप असला किंवा दम लागेस्तोवर धावून आलात, तरी एखादा प्लस येतो आणि जातो.

कॅन्सरवाल्या प्रोटीनचा उगम गाळणीच्या खाली, मूत्राशयाच्या अस्तरात. त्यातलं ओळखीचं नाव एनएमपी-२२. हे पेशीच्या केंद्रकातलं; एका पेशीच्या दोन होताना गुणसूत्रांची वाटणी नीट व्हावी म्हणून राबणारं. गाठीतल्या पेशी भराभर वाढतात, मरतात, आणि मरताना हे लघवीत सांडतं. इतकं थोडं, की त्या पिवळ्या चौकोनाला पत्ताही लागत नाही. त्यासाठी नेमकं हेच प्रोटीन पकडणारी अँटिबॉडी लावलेलं वेगळं किट: चार थेंब टाका, अर्धा तास थांबा, रेघ उमटते का बघा. अगदी प्रेग्नन्सी टेस्टसारखं. तेव्हा साध्या रिपोर्टात तीन प्लस असोत की ‘निल’, त्यावरून मूत्राशयाच्या कॅन्सरचं काहीच ठरत नाही.

मग ते किटच सगळ्यांना का लावत नाहीत? कारण ते फसतं. मुतखडा किंवा इन्फेक्शन असलं तरी पेशी मरतातच, आणि रेघ उमटते. बीटीए नावाची दुसरी टेस्ट आहे. ती शोधते त्या प्रोटीनचा सख्खा भाऊ निरोगी रक्तातही असतो. म्हणजे लघवीत रक्त असलं की ती गोंधळणार, आणि या कॅन्सरचं पहिलं लक्षण बहुतेकदा रक्तच! उलट छोटी, संथ वाढणारी गाठ दोन्हींच्या हातून निसटू शकते. म्हणून मूत्राशयात दुर्बीण घालून बघणं काही टळत नाही. या टेस्ट दुर्बिणीच्या जोडीला, विशेषतः गाठ काढल्यानंतर ती परत येतेय का यावर लक्ष ठेवायला.

त्याच रिपोर्टात या कॅन्सरच्या दृष्टीनं बघायची ओळ आहे ती आरबीसीची, म्हणजे लाल रक्तपेशींची. तिथं तीन किंवा जास्त दिसले, तर डॉक्टरांना विचारा. आणि लघवी एकदा लाल झाली, काही दुखलं नाही, दुसऱ्या दिवशी साफ झाली, म्हणून गप्प बसू नका. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यानं तर मुळीच नाही. आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का, एवढं आठवा, आणि नसेल तर युरोलॉजिस्टची वेळ घ्या.