पीडीएफ अपलोड केली म्हणजे मॅन्युअल ऑनलाइन झालं का?

मॅन्युअलची पीडीएफ साइटवर टाकली की झालं ऑनलाइन, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण साध्या पीडीएफमध्ये मथळा, परिच्छेद असं काही नसतंच हो, असतं ते फक्त "हे अक्षर, या फॉन्टमध्ये, पानावर या जागी". म्हणून तर त्यातलं टेबल कॉपी केलं की रकाने एकमेकांत घुसतात.

यावरचा उपाय जुनाच आहे. १९६९ मध्ये आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी या तिघांनी जीएमएल, म्हणजे मजकुराच्या भागांवर खुणा करायची भाषा, सुरू केली, त्यातूनच १९८६ ला एसजीएमएल आणि १९९८ ला एक्सएमएल या तशाच भाषा आल्या. मजकूर कसा दिसेल ते लिहायचं नाही, तो काय आहे ते लिहायचं. "ठळक, १४ पॉइंट" नाही, तर "इशारा". मग प्रिंटची स्टाइलशीट (काय कसं दिसेल ते ठरवणारी वेगळी फाइल) त्याला चौकट काढेल, वेबची रंग देईल, मूळ फाइल एकच.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे "पान अमुक बघा". लेखक पान नंबर लिहीतच नाही, फक्त त्या भागाचा आयडी देतो. वेबवर त्याची सरळ लिंक होते. प्रिंटला मात्र गंमत आहे, नंबर कळायला आधी पानं पाडायला हवीत आणि पानं पाडायला नंबर हवा, कारण ९ च्या जागी १० आलं की ओळ लांबते, शेवटचा शब्द खाली उतरतो, परिच्छेद एक ओळ वाढतो आणि ज्याचा नंबर शोधतोय तोच भाग पुढच्या पानावर जाऊ शकतो! लाटेक हे पानं मांडणारं सॉफ्टवेअर म्हणूनच पहिल्या फेरीत नंबराच्या जागी "??" छापतं, खरे नंबर ऑक्स नावाच्या मदतनीस फाइलमध्ये लिहून ठेवतं, दुसऱ्या फेरीत ते वाचून परत पानं पाडतं, तरी नंबर बदललेच तर पुन्हा चालवा म्हणून सांगतं. क्वचित मजकूर असा अडकतो की नंबर दोन आकड्यांत आलटून पालटून फिरत राहतो.

आता एआय एका क्लिकमध्ये पीडीएफची वेबसाइट करून देईल अशा जाहिराती दिसतात. ते मथळा कुठला याचा अंदाज बांधतं, आणि विजेच्या धोक्याचा इशारा अंदाजावर सोडणं मला तरी पटत नाही.

पण "मागच्या प्रकरणात सांगितल्याप्रमाणे" हे वाक्य कुठलंच टूल दुरुस्त करत नाही, ते लेखकानेच काढायला हवं. सर्च करून थेट त्या पानावर आलेल्या माणसाने मागचं प्रकरण वाचलेलंच नसतं.